एक कोयता, दोन माणसं

माझ्या सासूबाईंचा एक नियम होता. धारेचं हत्यार उघडं ठेवायचं नाही. विळी वापरून झाली की आडवी करून कोनाड्यात, सुरीचं तोंड भिंतीकडे, आणि इळा असेल तर छपराच्या वाशात उंच खोचलेला. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. एवढं काय त्या इळ्याचं कौतुक, असं मनात म्हणायची. आता हसू येत नाही. का, तेच आज सांगणार आहे.

आमचं घर भवानीनगरजवळ, बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडं आत. चहूबाजूंनी ऊस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात आलं आणि त्यामागून ऊस आला. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर असे साखर कारखाने आसपासच आहेत. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात, चुली पेटतात, आणि चार-पाच महिने आमच्या वस्तीला शेजार मिळतो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास दारावर थाप पडली. दारात टोळीतली एक बाई, कडेवर चार वर्षांची मुलगी, आणि मुलीच्या पोटरीला गुंडाळलेलं रक्ताने भिजलेलं लुगड्याचं फडकं. ट्रॉली भरायला निघताना लेकराला घरी कुणापाशी ठेवणार? म्हणून मागे गोधडीवर निजवलं होतं. शेजारी पोत्यात कोयते होते. ट्रॉलीने खड्ड्यात आदळा खाल्ला, पोतं कलंडलं आणि एक कोयता बाहेर आला.

माझ्या मिस्टरांनी गाडी काढली. डॉक्टरांनी सात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नशीब, शीर वाचली होती. परत येताना ती बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘‘धार मीच लावली व्हती, ताई. आजच लावली व्हती.’’

त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही.

‘कोयता’ म्हणजे कोण?

मैत्रिणींनो, ऊसतोडणीच्या धंद्यात ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ फक्त हत्यार नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो. माणूस एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे फडात वाकून ऊस तोडणारी, पाचट काढणारी, मोळी बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारी बाई हिशोबात वेगळी दिसतच नाही. ती कोयत्याच्या आत असते. उचलीचे पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडतात. फिटेपर्यंतचं काम मात्र दोघांचं.

आणि एवढं असून त्या कोयत्याला घर नाही. विळी कोनाड्यात जाते, इळा वाशात जातो. कोयता पोत्यात, गोधडीखाली, टायरगाडीच्या साट्यात, नाहीतर कोपीच्या कुडाला. तलवारीला म्यान असतं, कट्यारीला असतं. आपण तर ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ असंही म्हणतो. मग दिवसाचे बारा तास हातात असणाऱ्या कोयत्याला म्यान का नसावं? मी ठरवलं, त्या बाईला एक चांगला कोयता आणि त्याला चामड्याचं म्यान करून द्यायचं. माझ्या मते ते दोन दिवसांचं काम होतं. लागले वीस.

घण कुणाच्या हातात?

आमच्याकडे हंगामाआधी घिसाडी लोकांची पालं पडतात. घिसाडी म्हणजे फिरस्ते लोहार. महाराष्ट्रात त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. पूर्वी गाढवांवर, बैलगाडीत बिऱ्हाड असायचं, आता टेम्पो आला. आमच्या रस्त्याकडेला जे बिऱ्हाड होतं, त्यात नवरा-बायको, एक म्हातारी आणि आठवीतली मुलगी.

भाता, ऐरण म्हटलं की आपल्याला ‘साधी माणसं’ या १९६५ सालच्या सिनेमातलं लोहाराचं जोडपं आठवतं. भाता ओढणारी बायको आणि घाव घालणारा नवरा. घिसाड्याच्या पालापुढे गेलं की चित्र उलटं दिसतं. नवरा बसलेला असतो. त्याच्या एका हातात सांडशीत धरलेलं लाल लोखंड, दुसऱ्या हातात लहान हातोडी. आणि उभं राहून, पदर खोचून, डोक्याच्या वरपर्यंत घण नेऊन घाव घालते ती बायको.

‘‘मावशी, किती वर्षं घण मारताय?’’ मी विचारलं.

‘‘लगीन झालं तवापसनं. आधी आईकडं भाता मारत व्हते.’’

कोयत्यासाठी त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतला. साधं बांधकामाचं लोखंड का नाही, हे मला तिथे कळलं. साध्या लोखंडात कार्बन अगदी कमी असतो. ते कितीही तापवून पाण्यात घातलं तरी कडक होत नाही, धार लगेच बसते. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. एवढ्याशा फरकाने ते पाणी ‘धरतं’.

तुकडा भट्टीत गेला. मुलगी पंखा फिरवत होती. लोखंड आधी गडद लाल झालं, मग चेरीसारखं, मग नारिंगी. ‘‘पांढरं हू द्यायचं न्हाई,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘जळतंय ते. ठिणग्या उडाल्या की समजायचं, गेलं.’’ पालावर फाटकी ताडपत्री ओढून सावली का केली होती, तेही उमगलं. उन्हात लोखंडाचा रंग नीट दिसत नाही, आणि सगळं काम रंगावर चालतं.

मग घाव सुरू झाले. नवरा हातोडीने टक् करून जागा दाखवायचा, की त्याच जागी घण. टक्-धम्, टक्-धम्. हातोडी नुसती ऐरणीवर वाजली की थांबायचं. तोंडाने एक शब्द नाही. घण अर्धा इंच चुकला तर पातं वाकडं, दोन इंच चुकला तर नवऱ्याचा हात. मी मोजत होते. एका तापात पंधरा-वीस घाव, आणि असे दहा-बारा ताप.

पात्याला आकार आला, टोकाला थोडा आकडा आला. कानशीने धारेची बाजू घासून घेतली. आता खरी परीक्षा, पाणी देण्याची. पातं पुन्हा लाल केलं. लोहचुंबक चिकटेनासं होतं तेवढी उष्णता लागते. ते साधारण ७७० अंशांना होतं आणि चांगला लोहार त्याच्या किंचित पुढे जाऊन थांबतो. मग फक्त धारेकडची बाजू पाण्यात. चर्र आवाज, वाफ. पाठ बाहेरच. धार काचेसारखी कडक झाली आणि पाठ चिवट राहिली.

‘‘झालं?’’ मी विचारलं.

‘‘आता असंच दिलं तर पयल्या उसाला तुकडा पडंल,’’ मावशी हसल्या.

त्यांनी पटकन धारेवर दगड घासून ती चकचकीत केली आणि नुसत्या बघत राहिल्या. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते, तसे चकाकीवर रंग उमटतात. आधी गव्हासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा येतो साधारण २२० अंशांना, निळा ३००च्या आसपास. पिवळ्यावर थांबवलं तर धार फार कडक, निळ्याच्या पुढे गेलं तर मऊ. तपकिरी सरून जांभळा लागला आणि मावशी म्हणाल्या, ‘‘हां!’’ पातं पूर्ण पाण्यात गेलं.

ते ‘हां’ कुणी म्हटलं, याकडे माझं लक्ष गेलं. पोलाद कुठल्या क्षणी थांबवायचं, हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा निर्णय होता. तो मावशींनी घेतला. नवऱ्याने मानही वर केली नाही, इतका त्याचा विश्वास.

याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारींची कवचं बनली. तिथेही पोलादाला असंच तापवणं आणि निववणं आहे, फक्त मोजायला यंत्रं आहेत. मावशींकडे डोळे आहेत.

बाभळीची मूठ बसवली, तोंडाशी लोखंडी कडी ठोकली. कोयता तयार झाला.

म्यान बसेना!

आता चामड्याचं काम. इंदापुरात एका गल्लीत वडिलोपार्जित चपला शिवणारे एक काका आहेत. मी पिशवीतून कोयता काढला तशी काकांनी आधी माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे बघितलं.

‘‘ताई, हे काय घेऊन फिरताय? हल्ली कोयता म्हटलं की लोक घाबरतात.’’

त्यांचं खरं होतं. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात ‘कोयता गँग’ हे शब्द रोज पेपरात येत होते. रस्त्यावर दहशत बसवायला पोरांनी जे हत्यार उचललं, ते मुळात उसाच्या फडातल्या बाईच्या हातातलं. बिचाऱ्या कोयत्याची बदनामी झाली. मी काकांना त्या लेकराची हकिगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. कोयता उलटापालटा करून बघितला आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढली.

चामडं म्हशीचं. राज्यात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे जाड चामडं म्हटलं की म्हशीचंच. काकांनी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं निवडलं. ओलं केलं की ते हवा तो आकार घेतं आणि वाळलं की तो आकार सोडत नाही. रापीने दोन तुकडे कापले. रापी म्हणजे चर्मकाराची रुंद पात्याची सुरी. तिच्या धारेवर काका दर पाच मिनिटांनी दगड फिरवत होते.

पहिलं म्यान चार दिवसांनी तयार झालं. दिसायला देखणं. पण कोयता आत जाईना! सुरी सरळ असते, ती वरून सरकते. कोयत्याच्या टोकाला आकडा. तोंड रुंद केलं तर कोयता आत खुळखुळतो, अरुंद केलं तर आकडा अडतो. काकांनी कपाळाला हात लावला. ‘‘आजवर कुणी सांगितलंच नव्हतं हो, कोयत्याला करायला.’’

दुसऱ्या वेळी त्यांनी शिवण फक्त धारेच्या बाजूला घेतली आणि पाठीची बाजू उघडी ठेवली. कोयता वरून सरकवायचा नाही, पाठीकडून आत बसवायचा, आणि वरून दोन वाद्या ओढून टिचबटणं लावायची. धारेच्या कडेला दोन थरांच्या मध्ये चामड्याची आणखी एक पट्टी घातली. धार टेकणार ती त्या पट्टीवर, दोऱ्यावर नाही. ही पट्टी नसली तर आठ दिवसांत कोयता स्वतःचीच शिवण कापून बाहेर येतो.

शिवण दोन सुयांची. आरीने भोक पाडायचं आणि त्याच भोकातून मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओढायचा. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. ओल्या चामड्यात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला कोयता बसवून, बोटांनी दाबून आकार घेतला आणि सावलीत वाळवलं. उन्हात वाळवलं तर चामडं तडकतं. टोकाशी काकांनी एक बारीक छिद्र ठेवलं. ‘‘पाणी, उसाचा रस आत साचला तर गंज धरंल. मुंग्यापण लागतील!’’

पैसे विचारले, तर त्यांनी एकाच म्यानाचे घेतले. पहिलं त्यांनी भिंतीवर अडकवून ठेवलं. ‘‘शिकायची फी,’’ म्हणाले.

टोळीत काय झालं?

मी म्यान घेऊन गेले तेव्हा टोळीतले गडी हसले. एक जण म्हणाला, ‘‘आता कोयत्यालाबी चप्पल आली!’’ ती बाई हसली नाही. तिने कोयता आत बसवला, वाद्या लावल्या, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. मग म्यान मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘‘दाब बरं.’’ पोरीने दाबलं. काही झालं नाही. पोर हसली तेव्हा आईने डोळे पुसले.

त्या आठवड्यात टोळीतल्या आणखी चार बायका आल्या. चामड्याचं सगळ्यांना परवडणार नव्हतं. मग आम्ही रबरी पाइपचे तुकडे लांबीत चिरून धारेवर बसवले आणि सुतळीने बांधले. एकीने जुन्या कॅनव्हासच्या दप्तराचं केलं. काम भागलं.

गेल्या हंगामात ती पुन्हा आमच्याच शिवारात आली होती. म्यान काळं, तेलकट, मऊ झालं होतं. एक वादी तुटली होती, तिथे साडीची दशी. मुलीच्या पोटरीवर वण आहे. ती पळत होती, हे मी डोळ्यांनी बघितलं.

अर्ज कुणाच्या नावावर?

एक गोष्ट सांगायची राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू झाली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात लोहार आहेत, अवजारं बनवणारे आहेत आणि चर्मकारही आहेत. प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. चर्मकारांसाठी तर राज्याचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे.

मी मावशींना विश्वकर्मा योजनेबद्दल सांगायला गेले. कागदपत्रं निघाली. आणि मग कळलं, एका कुटुंबातून एकालाच अर्ज करता येतो. नवरा म्हणाला, ‘‘मग माझंच नाव टाका. लोहार म्हणजे मीच की.’’

मावशी गप्प. मुलगी मात्र पटकन बोलली, ‘‘घण कोण मारतंय, आबा?’’

पालात क्षणभर कुणी बोललं नाही. म्हातारी मिशरी लावत होती, ती थांबली. नवऱ्याने डोकं खाजवलं. ‘‘बाईचं नाव लोहार म्हणून धरत्यात का?’’ त्याने खरंच शंका म्हणून विचारलं. मी सांगितलं, धरतात. योजनेत कारागीर म्हटलंय, पुरुष म्हटलेलं नाही.

त्या दिवशी काही ठरलं नाही. चार दिवसांनी मी भाजीला गेले तेव्हा मावशींनी हाक मारली. पदराच्या गाठीतून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. त्यांची स्वतःची. ‘‘हे घ्या. ह्येनी म्हणाले, तुझंच टाक. पाणी तूच वळकतीस.’’

पत्त्याच्या पुराव्यावर तो अर्ज अजून अडलेला आहे. फिरस्त्याला पत्ता कुठून आणायचा? आम्ही ग्रामपंचायतीत खेटे घालतोय. होईल की नाही, सांगता येत नाही. पण व्यवसायाच्या रकान्यात ‘लोहार’ आणि नावाच्या रकान्यात बाईचं नाव, असा कागद आमच्या तालुक्यात निदान एक तरी लिहिला गेला आहे.

तुमच्याही गावाबाहेर पाल असेल, रानात कोप्या असतील. इळ्याला धार लावून घ्यायला जाल तेव्हा घण कुणाच्या हातात आहे ते बघा. आणि जमलं तर तिला तिचं नाव विचारा.

घरातल्या धारेची काळजी

• विळी, कोयता, सुरी वापरल्यावर पुसून कोरडी करा. उसाचा रस, चिंच, लिंबू यांनी लोखंड लवकर गंजतं.

• पावसाळ्यात बरेच दिवस ठेवायचं हत्यार चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं. तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळा.

• चामडं कडक झालं तर थोडं एरंडेल चोळा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका.

• चामडं नसेल तर रबरी पाइप लांबीत चिरून धारेवर बसवा आणि दोन ठिकाणी बांधा.

• बोथट सुरी जास्त धोक्याची. जोर द्यावा लागतो आणि ती घसरते.

• खोल कापलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, तो भाग उंच ठेवा. जखमेत हळद, राख, चहापूड भरू नका. दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.